घोटभर थांबा

"मॅडम, हे जांभळाच्या बियांचं चूर्न हाय. सकायी निरन्या पोटी घ्या, अन् गोड एकदम बंद करा."

गोदाबाईने वर्गाच्या दारातूनच पुडी पुढे केली. चौथीचा वर्ग चिडीचूप झाला. शकुन गावंडेच्या एका हातात खडू होता, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि तोंडात पाण्याचा घोट. तो गिळेपर्यंत तिला बोलताच येईना.

"चूर्ण? कोणासाठी?"

"तुमच्याचसाठी! आता लपवता कायले? माह्या पोट्ट्यानं घरी सांगतलं. मने, मॅडमले शुगर झाली. प्रश्न पुसते अन् पानी पेते, प्रश्न पुसते अन् पानी पेते. माह्या सासऱ्याचंही असंच सुरू झालतं."

शकुनला हसू आवरेना. "अहो गोदाबाई, मला काही झालेलं नाही. पुस्तकात वाचलंय, म्हणून पाणी पिते."

"कोनत्या डाक्टरचं पुस्तक?"

आता काय सांगावं! पुस्तक डॉक्टरचं नव्हतं, मास्तरांसाठी होतं. अमरावतीला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. बस यायला वेळ होता म्हणून शकुन नुसती सावलीला आत शिरली आणि बाहेर आली ती शिक्षकांनी वर्गात प्रश्न कसे विचारावेत यावरचं एक जाडसर पुस्तक घेऊन. वलगाव येईपर्यंत तिने पहिलं प्रकरण संपवलं, आणि घरी पोचल्यावर चपला न काढताच दुसरं उघडलं. वयाची पन्नाशी उलटलेली, नोकरी निवृत्तीकडे झुकलेली, आणि ही बाई एखाद्या भानगडीची बातमी लागावी तशी नादावली होती.

त्या पुस्तकात एक साधी गोष्ट लिहिली होती. आपण शिक्षक प्रश्न विचारतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तरही आपणच देऊन टाकतो. मूल विचार करायला निघतं, तोवर आपण पोचलेलो असतो. म्हणून प्रश्न विचारा आणि थांबा.

"बरोबर आहे हो!" ती मेथी निवडता निवडता नवऱ्याला म्हणाली होती. "मी थांबतच नाही. इतकी वर्षं मीच विचारते नि मीच सांगते!"

देवीदास बाजाराच्या जुड्या बांधत होता. त्यांचा भाजीचा मळा होता. पहाटे पालक-मेथी अमरावतीच्या बाजारात आणि दुपारी झोप, असं त्याचं बांधलेलं आयुष्य. "मंग थांब ना," तो म्हणाला. "तुले कोनं अडवलं?"

"जमत नाही हो. तोंड आपोआप चालतं."

"तं मंग तोंडात पानी धर."

तो बोलला थट्टेने, पण शकुनने ते उचललं. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न झाला की बाटलीचं झाकण उघडायचं, एक सावकाश घोट घ्यायचा, मग झाकण लावायचं. आणि काय सांगावं, पोरं बोलायला लागली! ज्यांचा आवाज हजेरीपलीकडे ऐकू आला नव्हता ती बोलायला लागली. शकुन मधल्या सुट्टीत आनंदाने नुसती भिरभिरायची. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र होतं, त्यातल्या चार शिक्षिका गोळा करून तिने वाचनाचा गटच काढला. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर तिच्या ओट्यावर कच्चा चिवडा, चहा आणि एकेक प्रकरण मोठ्याने वाचायचं. कोणी भांडायचं, कोणी "माझ्या वर्गात हे चालणार नाही" म्हणायचं, आणि आठवड्याने तीच येऊन "चाललं गं!" म्हणून सांगायची.

फक्त एका जागी गाडी अडायची. 'कोणता', 'कुठे', 'कसा' या प्रश्नांना हात वर यायचे. 'का' विचारलं की सगळे गप्प, नाहीतर जे डोळ्यांना दिसतंय तेच पुन्हा सांगायचे. कितीही घोट घ्या, ढिम्म. "अजून कारणाचा विचार करायची सवय नाही त्यांना," शकुन गटात म्हणायची. "थांबत राहू, येईल."

आता शनिवारची शिक्षण परिषद तिच्याच शाळेत होती, कवठाळीला. केंद्रप्रमुख किशोर सर नवे होते, तरुण होते, आणि त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. "मॅडम, वाचनाला दर परिषदेत अर्धा तास पाहिजे म्हणता, तं शनिवारी सगळ्याईच्या समोर एक पाठ घेऊन दाखवा. वाचून वर्गात काय फरक पडते, ते लोकाईले दिसू द्या. दिसलं तं अर्धा तास पक्का. नाही तं आपले परिपत्रकं हायेतच."

परिपत्रकं! दर महिन्याला चाळीसेक शिक्षक एका खोलीत बसून परिपत्रकांचं वाचन ऐकत, डुलक्या काढत, वडा खात आणि घरी जात. त्यातला अर्धा तास, फक्त अर्धा तास, मास्तरांनी मास्तरकीबद्दल बोलावं, एवढंच शकुनला हवं होतं. आणि ते तिला इतकं हवं होतं की शुक्रवारी तिला जेवण गेलं नाही.

मुख्याध्यापक महादेवराव मात्र खुशीत होते. "मॅडम, वाचून कोनी मास्तर झाला काय?" ते खुर्चीत रेलून म्हणाले. "मी डी.एड. सुटल्यावर एकही पुस्तक हाती घेतलं नाही. काही अडलं काय माह्यं?"

"तुमचं नाही अडलं सर, पोरांचं विचारा," शकुन म्हणाली. महादेवराव मोठ्याने हसले. माणूस टोचायचा, पण मनाचा मोकळा होता.

या शाळेत शकुन पहिल्यांदा रुजू झाली तेव्हाही महादेवराव इथेच होते, साधे शिक्षक म्हणून; मधल्या बदल्यांनंतर दोघं पुन्हा एकत्र आले होते. त्या पहिल्या खेपेला तिने चौथीच्या वर्गाच्या भिंतीवर रंगाने एक तक्ता काढला होता. वर मथळा, 'शुद्ध बोला'. खाली एका बाजूला लाल फुल्या, दुसऱ्या बाजूला हिरव्या खुणा. मले नाही, मला. तुले नाही, तुला. काहून नाही, का. अक्षर असं की पाहणाऱ्याने पाहत राहावं. भिंत दोनदा रंगवली गेली, पण तो चौकोन सोडून. तेवढं सुंदर अक्षर पुसायला कोणाचा हात धजला नाही.

आणि शकुन स्वतःही तशीच बोलायची. धामणगाव रेल्वे या गावची, काळ्या मातीत वाढलेली मुलगी, पण शाळेच्या पायरीवर पाऊल पडलं की वऱ्हाडी बाहेर राहायची. पुढे पुढे ती तिच्या घरातल्या बोलण्यातूनही गेली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सव्वीस जानेवारीला तिची आई माणिकबाई मोठ्या हौसेने शाळा पाहायला आली होती. पाहुण्यांसमोरच लेकीच्या बसलेल्या गालाला हात लावून म्हणाली, "काहून वं शकुन, एवढी काहून वायली तू?" पोरं फिदीफिदी हसली. शकुनचे कान तापले आणि तिने सगळ्यांदेखत आईला सांगितलं, "आई, काहून नाही. का म्हणायचं."

 तेव्हापासून माणिकबाई लेकीशी बोलताना शब्द जपून वापरायला लागली, आणि जपता जपता शब्द संपत आले. आता ती धामणगावला मुलाकडे असायची. दर रविवारी शकुन फोन करायची. "बरी आहे. तू बरी? बरं. ठेवते." एवढाच फोन. घरात इतरांशी आई तासन्‌तास बोलते, हे वहिनी सांगायची. शकुनला ते लागायचं, पण वय झालंय, ऐकू कमी येत असेल, असं ती स्वतःला सांगायची.

शनिवारी सकाळी वर्गात पाय ठेवायला जागा उरली नाही. मधे चौथीची पोरं, आणि भिंतींना लागून केंद्रातले सगळे गुरुजी नि बाई. महादेवराव दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. किशोर सर मागे उभे होते. टेबलावर दोन परातींत माती होती. एकीत शेतातली काळी, दुसरीत नदीची रेती. दोन्ही पोरांनीच भिजवून आठवडाभर उन्हात ठेवल्या होत्या. रेती जशीच्या तशी होती. काळ्या मातीला मात्र अशा भेगा गेल्या होत्या की बोट आत जावं.

शकुनचा चेहरा उजळलेला होता. "दोन्ही पराती नीट बघा," ती म्हणाली. "कोणत्या परातीत बदल झाला?"

घोट. भराभर हात वर आले. "काळ्या!" "काळ्या मातीत!"

"कसा बदल?"

घोट. "भेगा गेल्या, मॅडम!" "तुकडे झाले!" "पापुद्रे निघाले!"

गुरुजी मंडळी सरसावून बसली. शकुनला अंगात वारं भरल्यासारखं झालं. आता खरा प्रश्न!

"शाब्बास! असं का झालं?"

तिने बाटली तोंडाला लावली, सावकाश घोट घेतला, झाकण लावलं. पोरं तिच्याकडे बघत होती, ती पोरांकडे.

"भेगा गेल्या, मॅडम," एकजण पुन्हा म्हणाला.

"ते बरोबर. पण का झालं असं?"

पुन्हा घोट.

"भेगा!" आता दोघं-तिघं मिळून, जरा मोठ्याने. मॅडमला ऐकू आलं नसावं, असं त्यांना वाटलं असणार.

कोपऱ्यात कोणीतरी खुसखुसलं. शकुनने पुन्हा विचारलं, शब्द जरा ओढून. "का, झालं?" पुन्हा झाकण उघडलं. बाटली तळाला आली. आता कोणीच बोलेना. 

"हा तं विनंती थांबा झाला," महादेवराव दारातून पुटपुटले. "बस काही येत नाही."

वर्गभर हशा पिकला. किशोर सरांनी घड्याळ पाहिलं. शकुनच्या ओठांवर उत्तर आलं होतं. सांगून टाकावं की काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते, आणि पाठ आवरावा. इतकी वर्षं हेच तर केलं. पण पुस्तकात म्हटलं होतं, थांबा. तिने उरलेलं पाणी तोंडात घेतलं आणि गाल फुगवून तशीच उभी राहिली. आता बोलायचं म्हटलं तरी तोंड उघडता येणार नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली आरती अर्धवट उठली. ही पोरगी वर्षभरात आपणहून कधी बोलली नव्हती. तिने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या तक्त्याकडे, आणि अगदी हळू, चुकत असल्यासारखी म्हणाली,

"मॅडम, 'का झालं' मंजे... भेगा काहून गेल्या, असं पुसून राहिल्या काय तुमी?"

शकुनने पाणी गिळलं. ते घशात अडकलं आणि तिला ठसका लागला.

अगं बाई! पोरांच्या घरी 'का झालं' म्हणजे 'काय झालं'. 'का करून राहिला' म्हणजे 'काय करतोस'. ती विचारत होती कारण आणि पोरं बिचारी इमानाने सांगत होती काय झालं ते! वर्षानुवर्षं. आणि कारण विचारायचा जो शब्द ती पोरं घरून घेऊन यायची, त्याच्यावर तिने स्वतःच्या हाताने लाल फुली मारून ठेवली होती. तिने मागे वळून तक्त्याकडे पाहिलं. तिच्यामागे सगळ्या खोलीने पाहिलं.  केंद्रातल्या निम्म्या वर्गांच्या भिंतींवर असेच तक्ते होते, आणि ते कोणी लिहिले होते हे ज्याचं त्याला ठाऊक होतं.

शकुन पुन्हा पोरांकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ठसक्याचं म्हणा किंवा कशाचंही म्हणा.

"हो आरती," ती म्हणाली. आणि मग कवठाळीच्या शाळेत तिच्या तोंडून कधी न निघालेला शब्द निघाला. "कायी माती फाटली, अन् रेती फाटली नाही. काहून?"

बाटली रिकामी होती. ती उचलायची वेळही आली नाही.

"ऊन लागलं म्हनून!"

"हट्! ऊन तं रेतीलेही लागलं!"

"मॅडम, रेती पानी पेतच नाई, खालून सोडून देते!"

"कायी माती पेते ना! पेऊन फुगते! आमच्या वावरात पानी पडलं का चिखलात पाय रुतते!"

"अन् पानी गेलं का ते बारीक होते. बारीक झाली का फाटते!"

"माह्या भावाची चप्पल भेगेत गेली होती, मॅडम, अजून नाई भेटली!"

पोरं गुडघ्यांवर उठली, परातींभोवती गोळा झाली. एकाने भेगेत बोट घालून खोली दाखवली, दुसऱ्याने रेतीवर पाणी ओतून ते लगेच खाली उतरतं का ते पाहिलं. आरतीचा आवाज आता सगळ्यांच्या वर होता. "मंग आटा काहून फाटत नाई? तोही पानी पेते!" या प्रश्नावर तर गुरुजी मंडळींमध्येच वाद लागला. एक बाई पदर खोचून पुढे आल्या आणि पोरांच्या घोळक्यात बसल्या. शकुन मधे उभी होती, दोन्ही हातांनी रिकामी बाटली छातीशी धरून, आणि तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं. सुट्टीची घंटा झाली, ती कोणी ऐकली नाही.

परिपत्रकांचा गठ्ठा टेबलाच्या कोपऱ्यावर तसाच राहिला. किशोर सरांनी तो बगलेत मारला. "हे मी ग्रुपवर टाकतो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून अर्धा तास पक्का. कमी पडला तं पाऊन तास." मग आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, माह्याही शाळेत असाच तक्ता होता. मले उठबशा काढाव्या लागल्या होत्या 'मले' म्हटलं म्हणून."

सगळे वड्यांकडे गेल्यावर महादेवराव तक्त्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुमी हे लिवलं तवा शिडी मी धरली होती," ते म्हणाले.

"आठवतं सर."

"अक्षर लय चांगलं हाय. पुसू नका सगळं." त्यांनी बोट उचललं आणि 'काहून'वरच्या लाल फुलीवर ठेवलं. "हे फुली तेवढी काढून टाकू. रंग मी आनतो." जायला निघाले, दारात अडखळले. "अन् ते पुस्तक... गुरुवारी तुमच्या ओट्यावर पुरुष मान्सं चालतात काय?"

"चिवडा तुम्ही आणायचा," शकुन म्हणाली.

घरी येईपर्यंत तिला दम धरवेना. देवीदास नळाखाली पालक धूत होता. तिने ओट्यावर बसूनच त्याला सगळं सांगितलं, पोरांचे आवाज काढून, महादेवरावांचा विनंती थांबा, आरती, चप्पल, आटा, सगळं. तो हसून हसून पालक सोडून उभा राहिला.

 रविवार नव्हता, तरी तिने फोन उचलला.

पलीकडे वहिनीने घेतला, आईकडे दिला. "बरी आहे," माणिकबाई म्हणाली. जपलेलं, मोजकं, शुद्ध. "तू बरी?"

"माय," शकुन म्हणाली.

किती वर्षांनी तिने ही हाक मारली होती. पुढचं बोलणं तिला सुचलंही होतं, जिभेवर आलंही होतं, पण ती बोलली नाही. पलीकडून काही येईना. देवीदासने नळ बंद केला. शकुनने पाण्याचा तांब्या उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. फोनमधून धामणगावच्या घरातला पंखा ऐकू येत होता, आणि आईचा श्वास.

"काहून वं शकुन?" माणिकबाई म्हणाली. "आवाज असा काहून येऊन राह्यला तुहा? रडून राहिली काय?"

"नाही वं माय," शकुन म्हणाली. "पानी पेऊन राहिली."